धुतलेला की मुरलेला?

त्याला सगळे साबण म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी त्यालाच त्या नावाची इतकी सवय झाली की फोन उचलून तोच म्हणायचा, "हां, साबण बोलतोय." दुसरा एखादा चिडला असता. हा गडी सुखावायचा. पदवी मिळाल्यासारखं ते नाव मिरवायचा.

बुटांच्या दुकानाखालच्या तळघरात एक रेकॉर्डिंग स्टुडिओ होता, आणि तिथल्या कन्सोलसमोर साबणानं उभं आयुष्य बसून काढलं. कन्सोल म्हणजे जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढं धूड. प्रत्येकाचा आवाज आपापल्या माइकमधून निघून त्या धुडात शिरायचा, आणि प्रत्येक आवाजासाठी तिथे एक उभी पट्टी राखलेली असायची. पट्टीच्या वरच्या अंगाला फिरवायच्या खुंट्या, खाली सरकता दांडा, आणि मध्ये करंगळीच्या नखाएवढं एक चौकोनी लाल बटण. पुढच्या लाकडी कडेवर साबणाची कोपरं टेकून टेकून दोन खळगे पडले होते. मालक म्हणायचा, हा रजेवर गेला तरी खळगे हजेरी लावतील.

सगळी मेख त्या लाल बटणात होती. बटण वर असलं की आवाज सरळ वाटेनं जायचा, जसा आला तसा. बटण दाबलं की तो ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेल्या लोखंडी ठोकळ्यातून जायचा आणि अंगानं भरून बाहेर यायचा. त्यातून वरची खुंटी जरा जास्त रेटली आणि खालचा दांडा तेवढाच मागे ओढला, की लोखंडाला आवाज झेपेनासा व्हायचा. झेपेनासा झाला की तो गोल व्हायचा, दाट व्हायचा, त्याच्या टोचणाऱ्या कडा बुजायच्या. तळघरात यासाठी दोन साधे शब्द होते. सरळ वाटेचा तो धुतलेला. लोखंडातून आलेला तो मुरलेला. माइक लावायच्या आधी प्रत्येक संगीतकाराला विचारायची पद्धत होती, धुतलेला की मुरलेला? हे बोलणं कन्सोलच्या खोलीतच व्हायचं, काचेपलीकडे गाणाऱ्यांना त्याचा पत्ता नसायचा.

साबणाला विचाराल तर धुतलेलाच. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो कन्सोल चालू करायचा, ते तापेपर्यंत एकेका खुंटीत औषधाचा फवारा मारून ती पुढेमागे फिरवायचा, आणि मग स्पीकरला कान लावून बसायचा. जरा कुठे सुंसुं ऐकू आलं की याचं डोकं फिरलं. करकरणाऱ्या खुर्च्या त्यानं बाहेर काढल्या. वादकांची घड्याळं काढून ठेवायला लावली. एकदा एका व्हायोलिनवाल्याला कोट उतरवायला लावला, कारण काय, तर कोटाचं अस्तर बोलतं! बिचारा थंडीत कुडकुडत वाजवत होता, आणि साबण काचेआडून मान डोलावत होता.

"मुरवणं म्हणजे रंगरंगोटी," तो म्हणायचा. "आवाज आहे तसा आहे. मी काय मुलामा द्यायला बसलोय?"

संगीतकारानं हट्टच धरला तर मात्र तो बटण दाबायचा. कडू औषध घेतल्यासारखं तोंड करायचा, पण दाबायचा, आणि दाबल्यावर काम चोख करायचा. म्हणजे तळघरात येणाऱ्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी ते लोखंड मिळालं. ज्यांना मिळालं त्यातले काही पुढे नावारूपाला आले. साबण त्यांची गाणी ऐकून नाक मुरडायचा.

त्याची बायको तिथलीच. कोरसमध्ये गायची, मागच्या रांगेत. बाकीचे लोक डोळे बघून प्रेमात पडतात, हा पडला श्वास ऐकून. रांगेतल्या प्रत्येकीचा श्वास माइकमध्ये फुसफुसायचा, हिचा तेवढा नाही. हा चौकशी करायला उठून आत गेला, आणि चौकशी पुढे लग्नापर्यंत गेली. लग्नानंतरही ती कोरसमध्ये गातच राहिली. घरी भांडी घासताना गायची, कपडे वाळत घालताना गायची, आणि हा खुर्चीत पेपर धरून म्हणायचा, "वरच्या पट्टीत जरा चिरतोय गं." ती पाण्याचे थेंब त्याच्या अंगावर उडवायची. सुखाचे दिवस होते.

मग एका संगीतकारानं तिला पुढे बोलावलं. एका नाटकाचं गाणं होतं, एकटीनं गायचं. हिचा आणि आणखी एकीचा, असे दोघींचे आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे आणि नाटकवाल्यांनी एकीला निवडायचं, असं ठरलं. ही बातमी तळघरात पसरली, तेव्हा तिथल्या वादकांतल्या ढोलवाल्यानं सगळ्यांसमोर साबणाला टोमणा मारला. "घरची उभी राहू दे माइकसमोर. मग बघू साबण कसा विरघळतो ते!"

सगळे हसले. साबणही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. असल्या फुटकळ वाक्यानं माणसाचं काही बिघडायला नको. याचं बिघडलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आधी दुसरी गायली. संगीतकार म्हणाला, "हिला जरा मुरव रे." साबणानं तोंड वाकडं केलं, बटण दाबलं, खुंटी रेटली, दांडा ओढला. त्या बाईचा आवाज मुळात यथातथाच होता, पण काचेच्या अलीकडे तो छान भरून आला. मग बाहेर थांबलेली बायको आत गेली. संगीतकाराला कुणाचा तरी फोन आला, आणि तो जाता जाता म्हणाला, "तुझ्या घरचंच माणूस आहे. तुला योग्य वाटेल तसं घे."

मागे बाकावर ढोलवाला बसलेला होता. साबणाचं बोट लाल बटणावर गेलं आणि परत आलं. बटण वरच राहिलं.

ती मनापासून गायली. गाणं संपल्यावर तिनं काचेतून भुवया उंचावून विचारलं, कसं झालं? काचेपलीकडे बोलायचं तर इकडून एक काळं बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की आवाज बंद. साबणानं ते दाबलं आणि म्हणाला, "छान झालं." ती हसली आणि तोंड धुवायला गेली. बाकीचेही चहाला पांगले.

साबण एकटा उरला तेव्हा त्यानं एक गोष्ट केली, जी त्यानं पुढे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. टेपवर आलेला आवाजही मागे फिरवून पुन्हा लोखंडातून काढता येतो. त्यानं तिची टेप मागे घेतली, बटण दाबलं, आणि ऐकली.

त्याच्या अंगावर काटा आला. चिरणारा वरचा सूर कुठल्या कुठे गेला होता. तीच ती, तेच गाणं, पण खोली भरून उरत होता तो आवाज. अगदी त्या दुसरीच्या बरोबरीनं ठेवला असता तरी दुसरी फिकी पडली असती. हे सगळं त्याला स्वच्छ ऐकू आलं. कान तर त्याचे फार चांगले होते, सगळ्या गावाला सांगत फिरायचा.

जिन्यावर ढोलवाल्याचं खोकणं ऐकू आलं. साबणानं बटण वर केलं आणि टेप होती तशी, धुतलेली, पाठवून दिली.

नाटकवाल्यांचा निरोप एका शब्दाचा होता. पातळ. "चांगली गाते हो, पण आवाज पातळ आहे."

त्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "काही करता आलं नसतं का हो?"

"आवाज आहे तसा आहे," साबण म्हणाला. "मशीन काय करणार?"

तिनं मान हलवली आणि ताटातलं संपवलं. तिचा त्याच्या कानांवर विश्वास होता. साबण म्हणतो मशीन काही करू शकत नाही, म्हणजे नाही. पुढच्याच महिन्यात तिनं कोरस सोडला आणि एका हॉस्पिटलात टेलिफोनवर बसायला लागली. तिथे तिचं फार कौतुक व्हायचं, किती स्पष्ट बोलता हो बाई तुम्ही. एकदा घरी येऊन सांगत होती, "आज एकानं विचारलं, तुम्ही गाता का? म्हटलं नाही, मी नुसती जोडून देते." आणि स्वतःच हसली. साबण हसला नाही. त्यानं पेपर जरा वर धरला.

ती पुन्हा गायली नाही. भांडी गप्प घासली जायला लागली. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी लहान असताना त्यांच्याकडेच असायची, तिला झोपवताना ही ओठ मिटून गुणगुणायची. तोंड उघडायची नाही. साबण दाराशी उभा राहून ऐकायचा आणि आत न जाता परत फिरायचा. वाईट वाटायचं का? वाटायचं. सांगावंसं वाटायचं का? तेही वाटायचं. पण खोटं एकदा बोलून झालं की ते मोडायला दरवेळी आधीपेक्षा जास्त धीर लागतो, आणि याच्याकडे पहिल्या दिवशीच नव्हता. तिला तरी आता काय त्याचं, असं तो स्वतःला समजवायचा. वर्षं अशीच गेली.

मग जमाना उलटला. सगळी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरवर व्हायला लागली आणि आवाज इतके धुतलेले यायला लागले की लोकांना त्याचा वीट आला. नवी पोरं तळघराचा जिना उतरून यायला लागली. "काका, विंटेज साउंड पाहिजे. तुमच्याकडे ते जुनं लोखंड आहे ना?" मालकानं बाहेर पाटी लावली, अस्सल जुना आवाज. आणि साबण, ज्यानं जन्मभर त्या बटणाचा दुस्वास केला, तो दिवसभर बसून तेच बटण दाबायला लागला. ज्यांना सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांना मुरवायला लागला. पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची. तोही रंगात येऊन सांगायचा, "हे बटण नंतर बसवलेलं नाही बरं का. कन्सोल आलं त्या पहिल्या दिवसापासून आहे." पोरं वा वा करायची. संध्याकाळी जिना चढताना याच्या तोंडाची चव गेलेली असायची.

त्यातच भाची गायला लागली. तीच, ओठ मिटून झोपवलेली. स्वतः गाणं रचलं आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडेच रेकॉर्ड करणार."

"कर की," साबण म्हणाला.

"मीपण येते," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

कोरस सोडल्यापासून तिनं त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. "अगं, तिथे हवा नाही. जिना केवढा उभा आहे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना? मी बघते त्यांचं."

ती आली. कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, कन्सोलसमोर थांबली, लाकडातल्या खळग्यांवरून बोट फिरवलं. "अगं बाई, कोपरांनी विहिरी खणल्यात की!" ती म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. त्याच बाकावर, ढोलवाल्याच्या.

भाची आत उभी राहून गायली. पहिल्याच ओळीला साबणानं ओळखलं. आवाज मावशीचाच होता. खालून गोड, वर जाताना चिरणारा, हुबेहूब. मागे वळून बघायची त्याला छाती झाली नाही.

"पातळ आहे हो," मागून बायको हळू म्हणाली. "आमच्या घरातलाच. तिला आधीच सांगायला हवं, फार आशा लावून बसू नकोस म्हणून. नंतर फार लागतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

भाची बाहेर आली, ऐकलं आणि तिनं नाक उडवलं. "छे, हे अगदीच धुतलेलं वाटतंय. काका, मुरवा ना."

"ते बटण आज जरा... बिघडलंय."

"काही काय! काल तर माझ्या मित्राचं केलंत. पुन्हा गायलासुद्धा लावलं नाहीत त्याला. झालेलंच मागे फिरवून लोखंडातून काढलंत. तसंच करा की."

साबणानं बटण दाबलं. मुद्दाम वाईट करता आलं असतं, खुंटी कमीच ठेवायची, दांडा ओढायचाच नाही. पण बोटांना त्यांची सवय होती. खुंटी रेटली गेली, दांडा मागे आला, आणि तो आवाज खोलीभर पसरला. गोल, दाट, वरच्या सुराला भरून आलेला. भाचीनं टाळी वाजवली.

गाणं संपल्यावर बायकोनं विचारलं, "हे बटण नवीन आहे का?"

"नवीन कसलं, मावशी!" भाची म्हणाली. "हीच तर गंमत आहे. पहिल्या दिवसापासून आहे. काका सगळ्यांना सांगतात."

"मला नाही सांगितलं कधी," बायको म्हणाली.

भाची हसायला लागली आणि मध्येच थांबली. साबण कन्सोलकडे बघत होता. बायको उठली, जाड दार ढकलून आत गेली आणि काचेपलीकडे माइकसमोर उभी राहिली. हेडफोन तिनं केस सांभाळून डोक्यावर चढवले, जुन्या सवयीनं. साबणाला वाटलं ही आता गाते. त्यानं घाईघाईनं पट्टी उघडली. बटण दाबलेलंच होतं.

ती गायली नाही. हॉस्पिटलात फोन उचलून बोलायची तशी शांतपणे बोलली. आवाज म्हातारा झाला होता, पण लोखंडातून तो असा भरून आला की भाचीनं मान वर केली.

"माझ्या वेळी हे बिघडलं होतं का हो?"

किती सोपं करून दिलं होतं तिनं. नुसती होकाराची मान हलवली असती तरी भागलं असतं. साबणानं मान आडवी हलवली. नाही.

"मग त्या दुसरीचं दाबलंत आणि माझं नाही?"

त्यानं मान खाली घातली.

"लोक काय म्हणतील म्हणून?" ती म्हणाली. "मला वाटलंच. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. त्याचं मला एवढं नाही. एकच सांगा. माझा आवाज असाही येतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? का तुम्हालाही तो पातळच वाटला होता? तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही."

साबणानं तोंड उघडलं. ओठ हलले. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता, म्हणजे बोलत असावा, कारण मागे बसलेल्या भाचीलाही त्यातलं नीट काही कळलं नाही. टेप मागे फिरवली, असं काहीसं. अंगावर काटा आला होता, असं काहीसं. जिन्यावर ढोलवाला.

काचेपलीकडे बायको त्याच्या ओठांकडे बघत होती.

"ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "बटण दाबा की. निदान हे तरी दाबा."

साबणानं काळं बटण दाबलं. "ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी ऐकलं होतं मी. फार सुंदर होता गं."

तिनं हेडफोनवर हात दाबून सगळं नीट ऐकून घेतलं. डोळे भरले नाहीत तिचे. नंबर चुकलेल्या माणसाशी बोलावं तितक्या सभ्यपणे ती म्हणाली, "तुमचा आवाज फार पातळ येतोय."

मग तिनं हेडफोन काढून भिंतीवरच्या खुंटीला अडकवले, बाहेर येऊन पर्स घेतली आणि भाचीच्या गालावरून हात फिरवला. "तुझं मुरलेलंच ठेव," ती म्हणाली. साबण उठून जिन्यापर्यंत गेला आणि त्यानं हात पुढे केला. तिनं कठडा धरला आणि एकेक पायरी वर चढत गेली.